कॅडच्या ड्रॉइंगला झटपट रंग: आधी फटी बंद करा, मग रंग भरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: ऑटोकॅडमधले प्लॅन, सेक्शन आणि साइट प्लॅन मिळून चार ए-१ शीट तयार आहेत, ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणाला, तीन दिवस उरलेत. फोटोशॉपमध्ये मॅजिक वाँड (एकसारख्या रंगाचा भाग एका क्लिकमध्ये निवडणारं साधन) घेऊन रंग भरायला गेलं, की एका खोलीतला रंग अख्ख्या मजल्यावर पसरतो. ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) फाइल उघडली की लॅपटॉप मान टाकतो. यापेक्षा झटपट मार्ग कोणता?

मार्ग आहे, पण त्यासाठी सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. रंग ओतायला क्षणभर पुरतो. वेळ खातं ते ‘इथून इथपर्यंत’ असं क्षेत्र निवडणं, आणि ते फोटोशॉपमध्ये बसून करायचं कामच नव्हे. रांगोळीत ठिपके नीट जोडलेले असले की रंग भरायला घरातलं शेंडेफळसुद्धा चालतं, तसंच आहे हे. कॅडमध्ये तासभर घालवलात तर पुढचा दिवस वाचतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. शीट फक्त पडद्यावर दाखवायची असेल तर हिशोब वेगळा, छापायची असेल तर वेगळा. ड्रॉइंग हाताने काढलेलं असेल तर सुरुवात बदलते. आणि फक्त हिरवळ, पाणी, भिंती एवढंच रंगवायचं असेल तर फोटोशॉप उघडूच नका, ऑटोकॅडमध्येच भागतं. त्यामुळे तिथूनच सुरू करतो.

ऑटोकॅडमध्ये सॉलिड हॅच (बंद आकारात भरलेला सपाट रंग) टाकून रंगीत प्लॅन काढता येतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बरेच जण तो नाद सोडतात, कारण मोनोक्रोम सीटीबी (कोणता रंग कसा छापायचा ते ठरवणारी फाइल) लावलं की हॅचही काळं छापलं जातं. उपाय सोपा आहे. हॅचला १ ते २५५ मधला इंडेक्स (क्रमांकाचा) रंग देऊ नका, ट्रू कलर, म्हणजे लाल-हिरवा-निळा अशा आकड्यांनी ठरवलेला रंग, द्या. सीटीबी फक्त इंडेक्स रंगांना हात लावते, ट्रू कलरला लावत नाही. म्हणजे रेषा इंडेक्स रंगात आणि हॅच ट्रू कलरमध्ये ठेवलं, की एकाच प्लॉटमध्ये रेषा काळ्या आणि भराव रंगीत येतो. हॅच रेषांच्या वर बसलं असेल तर हॅचटूबॅक कमांड द्या, सगळी हॅच एकदम मागे जातात. हॅचला ट्रान्सपरन्सी देण्याचा मोह टाळा. प्लॉट करताना ‘प्लॉट ट्रान्सपरन्सी’ची खूण करायला लागते, ती विसरली की भराव ठार अपारदर्शक येतो, आणि केली की प्लॉट रेंगाळतो नि पीडीएफ जड होते. फिका रंग हवा असेल तर सरळ फिका रंगच निवडा.

हॅच घेताना ‘हद्द बंद नाही’ अशी कुरकुर आली तर एचपीगॅपटॉल हे व्हेरिएबल बघा. ते शून्यावर असतं. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर १० ठेवा, म्हणजे रेषांच्या टोकांमधल्या छोट्या फटी ते सांभाळून घेतं. दारांसाठी मात्र ते वाढवत बसू नका. फार वाढवलं तर ज्या फटी खरोखर मोकळ्या ठेवायच्या आहेत त्याही बुजतात आणि हॅचला भलतेच आकार येतात.

आता फोटोशॉपचा मार्ग. पोत, सावल्या, झाडं हवी असतील तर तो घ्यावाच लागतो.

कॅडमध्ये एक नवीन लेयर करा, नाव काहीही द्या, ‘बंद’ म्हणा हवं तर. प्रत्येक दाराच्या उंबऱ्यावर, प्रत्येक मोकळ्या कमानीत, व्हरांड्याच्या खांबांमध्ये, अंगणाच्या कडेला, जिथे जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे या लेयरवर एक सरळ रेषा मारा. रस्ता शीटच्या कडेला जाऊन सुटत असेल तर तिथेही. अर्ध्या तासाचं कंटाळवाणं काम आहे, पण रंग सांडण्याचा प्रश्न इथेच संपतो.

मग एकाच लेआउटमधून (छपाईसाठी मांडलेल्या पानातून) तीन पीडीएफ काढा. पहिली ‘निवडीची’: तिच्यात भिंती, ‘बंद’ लेयर आणि रंगाच्या हद्दी एवढंच. अक्षरं, मापं, ग्रिड, फरशीचं हॅच, दाराचे चाप सगळे फ्रीझ, म्हणजे त्यांचे लेयर लपवलेले. अक्षरं राहिली तर प्रत्येक अक्षराच्या पोटात एक पांढरं बेट उरतं आणि ती बेटं वेचत बसावं लागतं. दुसरी पीडीएफ ‘दाखवायची’: खरं लाइनवर्क, खऱ्या रेषाजाडीसह, फर्निचरसकट. तिसरी अक्षरांची आणि मापांची. दुसरी नि तिसरी एकत्र चालते, पण ज्युरीच्या आदल्या रात्री एखाद्या खोलीचं नाव बदलायचं झालं तर वेगळी असलेली बरी.

इथे सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे प्लॉट एरिया ‘एक्स्टेंट्स’वर (दिसणाऱ्या रेषांच्या टोकापासून टोकापर्यंत) ठेवणं. लेयर फ्रीझ केले की एक्स्टेंट्स बदलतात, प्रत्येक पीडीएफ थोडी सरकते, आणि फोटोशॉपमध्ये तीनही थर एकमेकांवर बसत नाहीत. प्लॉट एरिया ‘लेआउट’ ठेवा आणि कागद फुल ब्लीड (बिनसमासाचा) ए-१, म्हणजे ८४१ × ५९४ मिलिमीटर. मग तिन्ही पानं आपोआप जुळतात.

निवडीच्या पीडीएफमध्ये सगळ्या रेषा ०.३५ मिलिमीटर जाडीच्या करा. कारण आकड्यात आहे: १५० डीपीआयला एक पिक्सेल ०.१७ मिलिमीटरचा असतो. ०.०५ मिलिमीटरची रेषा पिक्सेलभरही भरत नाही, ती फिकट राखाडी होते आणि वाँड तिच्यातून पलीकडे जातं. ०.३५ ची रेषा दोन पिक्सेलची होते, ठाम काळी. फोटोशॉपमध्ये ही पीडीएफ उघडताना जी खिडकी येते तिच्यात ‘अँटी-एलियास्ड’ची (कडा मऊ करण्याची) खूण काढा, क्रॉप ‘मीडिया बॉक्स’वर ठेवा आणि रिझोल्यूशन १५० द्या.

हो, १५०. लॅपटॉप बसण्याचं उत्तर हेच आहे. ए-१ शीट ३०० डीपीआयला ९९३३ × ७०१६ पिक्सेलची होते. काठोकाठ भरलेला एक थर मेमरीत सुमारे २०० एमबी घेतो, आणि असे पंधरा-वीस थर झाले की कोणताही साधा लॅपटॉप रडणारच. १५० ला तोच थर ५० एमबीचा. बारकावा लागतो तो रेषांना नि अक्षरांना. सपाट रंगाला तो लागत नाही, कारण त्याच्या कडा रेषेखाली लपलेल्या असतात. म्हणून फोटोशॉपमधून फक्त रंगाचा थर बाहेर काढायचा आणि रेषा व्हेक्टरच (पिक्सेल न करता, पीडीएफमधल्या मूळ रेषा) ठेवून वर बसवायच्या. ते शेवटी येतं.

फोटोशॉपमधली मांडणी अशी. तळाला पांढरा थर. सगळ्यात वर निवडीचा थर. ऑटोकॅडची पीडीएफ उघडली की मागचा भाग पारदर्शक असतो, त्यामुळे त्याखाली पांढरा घालून दोन्ही एकत्र करून घ्या आणि ब्लेंडिंग मल्टिप्लाय ठेवा, म्हणजे पांढरा दिसेनासा होतो आणि खालचे रंग दिसतात. वाँडची सेटिंग: कंटिग्युअस (फक्त सलग भाग निवडणं) चालू, अँटी-एलियास बंद, ‘सँपल ऑल लेयर्स’ बंद, टॉलरन्स (रंगातला किती फरक चालेल) १० च्या आसपास. निवडीचा थर सक्रिय ठेवून शिफ्ट दाबत एकाच रंगाची सगळी क्षेत्रं टिपा, म्हणजे सगळ्या झोपण्याच्या खोल्या एकदम, सगळी हिरवळ एकदम. मग सिलेक्ट, मॉडिफाय, एक्सपांड, १ पिक्सेल. रेषा दोन पिक्सेलची आहे, त्यामुळे दोन्हीकडून एकेक पिक्सेल वाढवलं की शेजारचे रंग बरोबर रेषेच्या मध्यावर भेटतात. एक्सपांड केलं नाही तर निवडीचा थर बंद केल्यावर प्रत्येक आकाराभोवती पांढरी किनार दिसते. रंगवलेल्या ड्रॉइंगवर ती किनार दिसली, की घाई तिथेच उघडी पडते.

आता निवड जिवंत असताना पेंट बकेट घेऊ नका. लेयर मेनूतून ‘न्यू फिल लेयर’ आणि त्यात ‘सॉलिड कलर’ घ्या. निवडीचा मास्क (रंग कुठे दिसावा ते ठरवणारा साचा) आपोआप तयार होतो आणि रंग थरावर स्वतंत्र राहतो. उद्या हिरवा फार भडक वाटला तर थराच्या चौकटीवर डबल क्लिक करा, सगळी हिरवळ एका फटक्यात बदलते. बादलीने ओतलेल्या रंगात ही सोय नाही, तिथे पुन्हा निवडण्यापासून सुरुवात. ‘झटपट’ म्हणताना लोक पहिल्यांदा भरण्याचा वेळ मोजतात. खरा वेळ मार्गदर्शकांनी ‘हे जरा बदल’ म्हटल्यानंतर जातो.

एका मजल्यासाठी असे पाच-सहा फिल लेयर पुरेत. त्यापेक्षा जास्त रंग लागत असतील तर ड्रॉइंग काय सांगतंय हेच बहुधा ठरलेलं नाही. आकड्यात सांगायचं तर एचएसबी पद्धतीत (ह्यू म्हणजे रंगछटा, सॅच्युरेशन म्हणजे भडकपणा, ब्राइटनेस म्हणजे उजळपणा) सॅच्युरेशन १५ ते ३५ मध्ये ठेवा. हिरवळीला ह्यू ८०, सॅच्युरेशन ३०, ब्राइटनेस ८०. पाण्याला १९५, २०, ८८. लाकडाला ३०, ३०, ८०. मंगळुरी कौलांना मात्र १४, ५०, ७० इतका जोर चालतो, कारण साइट प्लॅनमध्ये छपरंच बोलायला हवीत. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाला शुद्ध राखाडी देऊ नका, २१०, ६, ४५ अशी निळसर झाक द्या. शहाबादी फरशी त्याच कुळातली, पण बरीच उजळ. टेकडीउताराची साइट असेल तर ऋतू आधी ठरवा: ऑगस्टमधली हिरवी टेकडी आणि एप्रिलमधली पिवळी टेकडी या दोन वेगळ्या साइट दिसतात. तुमच्या डिझाइनचा मुद्दा सावली किंवा पाणी असेल तर पिवळी टेकडीच तुमच्या बाजूने बोलेल.

पोत टाकायचा असेल तर प्रमाण तपासा. ६०० मिलिमीटरची फरशी १:१०० वर ६ मिलिमीटर, म्हणजे १५० डीपीआयला ३५ पिक्सेल. इंटरनेटवरून उतरवलेला पोत तसाच टाकला तर फरशी पलंगाएवढी दिसते आणि सगळी खोली बाहुलीघर होते. पॅटर्न ओव्हरलेच्या ‘स्केल’मध्ये हा हिशोब जुळवा आणि अपारदर्शकता २० ते ३० टक्क्यांच्या वर नेऊ नका. १:२०० किंवा त्याहून लहान प्रमाणावर फरशीचा पोत टाकूच नका, नुसता मळकट ठिपका उमटतो.

झाडांसाठी एकच चांगलं चिन्ह घ्या, त्याचं स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि ऑल्ट धरून ओढत प्रती काढा. मूळ बदललं की सगळी बदलतात. ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’ वापरलं तर हा दुवा तुटतो, तेवढं सांभाळा. प्रत्येक प्रत थोडी फिरवा आणि आकार ८० ते ११० टक्क्यांत बदला. सावली चिन्हाच्या आत रंगवलेली असेल तर झाड फिरवल्यावर सावलीही फिरते आणि पानावर चार सूर्य उगवतात. त्यामुळे सावली ड्रॉप शॅडो म्हणून थराला द्या, ‘यूज ग्लोबल लाइट’ चालू ठेवा. आणि झाडांचे घेर खरे ठेवा. पूर्ण वाढलेल्या वर्षावृक्षाचा विस्तार सहज २० मीटर असतो, १:२०० वर ते १० सेंटीमीटर होतात. दोन सेंटीमीटरच्या वर्तुळांनी वडापिंपळांची गल्ली दाखवली की ती कुंड्यांची रांग वाटते.

इमारतीच्या सावलीला मात्र ड्रॉप शॅडो लावू नका. तो आकाराची नुसती प्रत बाजूला सरकवतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची जोडणी करत नाही. त्यामुळे इमारत जमिनीवर उभी न वाटता तरंगते. झटपट आणि बरोबर मार्ग पुन्हा कॅडमध्येच: इमारतीची बाह्यरेषा सावलीच्या दिशेला नि लांबीला कॉपी करा, कोपरे रेषांनी जोडा, आतला भाग सॉलिड हॅच करा आणि चौथी पीडीएफ काढा. फोटोशॉपमध्ये ती गडद निळसर राखाडी करून मल्टिप्लायवर ३५ टक्के. दिशा कोणती, हे सोयीवर आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातून प्रकाश हा नुसता संकेत आहे आणि प्लॅनला तो चालतो. पण साइट प्लॅनवर उत्तरबाण असेल आणि तुम्ही हवामानाबद्दल बोलणार असाल तर खरी सावली काढा. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला सूर्य मध्यान्हीला, घड्याळात साधारण साडेबाराला, क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, त्यामुळे १० मीटर उंचीची सावली ९ मीटर, सरळ उत्तरेला. मेच्या मध्यावर तोच सूर्य डोक्यावर येतो आणि सावली जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे ‘मे महिन्याची दुपार’ लिहून लांब सावल्या काढणारा पुण्यातल्या ज्युरीत पकडला जातो.

सेक्शनला एवढा खटाटोप लागत नाही. कापलेला भाग गडद राखाडी, जमीन त्याहून थोडी उबदार, आकाशाला अगदी फिका ग्रेडियंट, आणि ज्या जागेबद्दल तुम्ही बोलणार तिथेच रंग. बाकी सगळं रिकामं ठेवलं तरी चालतं, उलट चांगलं दिसतं.

हाताने काढलेलं ड्रॉइंग असेल तर ग्रेस्केलमध्ये ३०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलचा फोटो कडेला वाकतो आणि मापं बिघडतात. लेव्हल्सने कागद पांढरा करा. मग कंट्रोल-ऑल्ट-२ ने उजळ भागाची निवड येते, कंट्रोल-शिफ्ट-आय ने ती उलटवा आणि नव्या थरावर काळा भरा. कागद गळून नुसत्या रेषा हातात येतात, पेन्सिलीच्या दाबासकट. हाताची रेषा क्वचितच बंद असते, म्हणून इथे वाँडचा हट्ट सोडा. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधला कलराइझ मास्क प्रत्येक भागात रंगाचा एकेक फराटा मागतो आणि हद्दी स्वतः ओळखतो. फोटोशॉपसारख्याच गिंपच्या बकेट फिलमध्ये २.१०.१० आवृत्तीपासून लाइन आर्ट ओळखणारा पर्याय आहे, तोही फटी सांभाळतो. दोन्ही फुकट. आयपॅड असेल तर प्रोक्रिएटमध्ये रेषांचा थर ‘रेफरन्स’ करा आणि खालच्या थरावर रंग ओढून सोडा. इलस्ट्रेटरचा लाइव्ह पेंट छोट्या एलेव्हेशनला झकास आहे, त्यातही फटी ओळखण्याची सोय आहे, पण अख्खा साइट प्लॅन त्याच्यावर लादला तर तो हलता हलत नाही. फोटो टाकून रंगवून देणारी एआय साधनं हल्ली बरेच जण वापरतात. मूड शोधायला ठीक, पण ती खिडक्या सरकवतात आणि जिन्याच्या पायऱ्या कमी-जास्त करतात, मोजमापाच्या ड्रॉइंगला त्यांचा हात लागू देऊ नका.

ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. हे सगळं सादरीकरणापुरतं आहे. मंजुरीसाठी महापालिकेत जाणाऱ्या ड्रॉइंगमध्ये रंगांना ठरलेला अर्थ असतो: प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. क्लायंटला आवडलेली पिवळसर ओसरी तशीच त्या संचात गेली तर नको तो अर्थ निघेल. दोन्ही फाइल वेगळ्या ठेवा.

आता जोडणी. फोटोशॉपमध्ये निवडीचा थर बंद करा आणि फक्त रंग, सावल्या, झाडं असलेलं चित्र जेपेगमध्ये, दर्जा १० किंवा त्याहून वर, काढा. इनडिझाइन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर तिथे ए-१ पान घेऊन खाली हे चित्र आणि वर ‘दाखवायची’ नि अक्षरांची पीडीएफ ठेवा. येत नसेल तर ऑटोकॅडच्या लेआउटमध्येच चित्र शून्य-शून्यवर जोडा, रुंदी ८४१ करा, ड्रॉ ऑर्डरने मागे पाठवा आणि इमेजफ्रेम शून्य करा, नाहीतर चित्राभोवती चौकट छापली जाते. फुल ब्लीड कागद घेतला असेल तरच शून्य-शून्य हा कागदाचा खरा कोपरा असतो. साध्या ए-१ ला समास असतो आणि चित्र तेवढं सरकतं.

छपाईत दोन गोष्टी फसतात. पडद्यावरचा टवटवीत पोपटी कागदावर मळकट उतरतो, आणि ५-७ टक्क्यांच्या फिक्या छटा गायबच होतात. म्हणून सगळे रंग असलेला शीटचा एक ए-४ तुकडा, खऱ्या प्रमाणात, त्याच दुकानात त्याच कागदावर आदल्या दिवशी काढून बघा. सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजजवळच्या प्लॉटरवाल्यांकडे रांग असते आणि तेव्हा चाचणी काढायला कोणी वेळ देत नाही. फाइल पीडीएफच द्या, पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) नको, आणि प्रिंट काढणाऱ्याला ‘फिट टू पेज’ बंद ठेवायला तोंडी सांगा. ते चालू राहिलं तर शीट दोन-तीन टक्के आक्रसते. रंग छान दिसतात, पण कोणी स्केलपट्टी लावली तर १:१०० च्या प्लॅनमध्ये तीन मीटरची खोली २.९ मीटरची निघते.